भिंगवाले, आरसेवाले आणि आमची आई

“आरशाच्या दुर्बिणीतून फोटो काढला की ताऱ्यांना मिशा फुटतात,” डॉक्टर सोमाणी म्हणाले.

“मिशा?” मी विचारलं.

“चार-चार! वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. नळीच्या तोंडाशी एक छोटा आरसा असतो. तो धरायला चार पट्ट्या लावतात, त्यांचा हा प्रताप. फोटोत तारा कसा गोल यायला पाहिजे, टिंबासारखा. भिंगातून तसाच येतो. शेटे, तुम्ही जन्मभर फोटो काढले, तुम्हीच सांगा.”

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, टीव्हीवरची नजर काढली नाही. “तुम्ही म्हणाल तसं,” ते म्हणाले.

“अहो, भिंगाचंही सांगा की सगळं!” मुलाणी सर खुर्चीच्या टोकापर्यंत पुढे सरकले. “हलक्यातलं भिंग घेतलं की प्रत्येक ताऱ्याभोवती जांभळा काठ येतो. तारा आहे का इरकली लुगडं?”

“मी हलक्यातलं घेतलेलंच नाही.”

“तेच म्हणतोय मी. तुमच्या भिंगाएवढ्या पैशात माझ्या आरशाची आई, मावशी आणि आत्या अशा तिघी आल्या असत्या. आणि मोठ्या आल्या असत्या! प्रकाश गोळा करायचा तर तोंड मोठं पाहिजे. तुमची दुर्बीण म्हणजे शहाळ्याची नळी.”

“आणि तुमची म्हणजे रांजण. उचलायला दोन गडी लागतात.”

मी दोघांना आणखी पोहे वाढले. बार्शीत ताऱ्यांचे फोटो काढणारी माणसं तेव्हा ही दोनच. डॉक्टर दातांचे. त्यांच्या दवाखान्यात आणि बोलण्यात कुठं डाग सापडायचा नाही. मुलाणी सर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या दुर्बिणीचा आरसा घरीच, काचेवर काच महिनोन्‌महिने घासून तयार केला होता. त्या दिवसांत त्यांच्या घरी वरणात वाळू लागायची म्हणे. दर अमावास्येला हे दोघं डॉक्टरांच्या गाडीतून येडशीच्या डोंगरावर जायचे आणि जाता-येता हेच भांडण भांडायचे. मी त्यांना मुद्दाम घरी बोलावलं होतं. तज्ज्ञ माणसं बसतील, दोन्ही बाजू मांडतील, आप्पा ऐकतील आणि निवडतील, असा माझा बेत होता. मला बेत करायची हौस फार. आमच्या घरात बाकी कुणालाच ती नसल्यामुळं सगळ्यांचे बेत मीच करते.

आप्पांची एकसष्टी पुढच्या आठवड्यात होती. त्यांना मी दुर्बीण देणार होते. शोभेची नव्हे, कॅमेरा जोडून आकाशाचे फोटो काढायची. लोक म्हणाले, अगं, अंगठी दे, शाल दे, काशीची तिकिटं काढून दे. पण आप्पांनी शेटे फोटो स्टुडिओला कुलूप लावल्याला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत त्यांनी कॅमेरा हातात धरला नव्हता. धरला नव्हता म्हणजे अगदी शिवला नव्हता. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात मुलाकडच्या लोकांनी कौतुकानं म्हटलं, “काका, तुमच्या हातचा एक होऊन जाऊ द्या,” तर आप्पा म्हणाले, “मोबाईलवर काढा की.” मी तिथंच उभी होते. ज्या माणसानं तालुक्यातल्या तीन पिढ्यांना ‘हनुवटी खाली, नजर इकडं’ म्हणून सरळ बसवलं, तो माणूस मोबाईलवर काढा म्हणाला!

दिवसभर टीव्ही, संध्याकाळी देवळापर्यंत फेरी, रात्री परत टीव्ही. तब्येत ठणठणीत. कॅमेरा कपाटात, टॉवेलात गुंडाळलेला.

आणि माझ्याकडं एकच धागा होता. मी शाळेत असताना आकाशात मोठा धूमकेतू आला होता, तेव्हा आप्पांनी स्टुडिओ लवकर बंद करून गच्चीवरून त्याचा फोटो काढला होता. गिऱ्हाईक नाही, ऑर्डर नाही, स्वतःच्या हौसेसाठी. त्यांनी हौसेनं काढलेला माझ्या आठवणीतला तो एकमेव फोटो. तेवढ्या धाग्याला धरून मी त्यांना ओढून वर काढणार होते. पुण्याच्या दुकानदाराकडं दोन्ही प्रकारची एकेक दुर्बीण शिल्लक होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नंतर खात्री नाही, असं तो म्हणाला होता. चुकीची आली तर ती आठ दिवसांत माळ्यावर जाणार आणि तिच्यामागोमाग कॅमेराही जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी रजा टाकून बार्शीला आले होते.

“मी काय म्हणते,” भांडण आरशावरून एकमेकांच्या जावयांवर घसरायला लागलं तेव्हा मी मध्ये पडले, “आज तुम्ही दोघं आपापली दुर्बीण घेऊन या. आमच्या गच्चीवरून एकाच गोष्टीचा फोटो काढा. उद्या दोन्ही मोठे छापून आणू. शेजारी शेजारी ठेवले की आप्पा बघून सांगतील. काय आप्पा?”

“चालेल की,” आप्पा म्हणाले. जाहिराती लागल्या होत्या, त्या ते लक्ष देऊन बघत होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “उगं कशाला दमवतीस त्यांना?” ती म्हणाली. ‘त्यांना’ म्हणजे कुणाला, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

---

फेब्रुवारीचे दिवस होते. दिवेलागणीला डॉक्टर गाडीतून आणि मुलाणी सर रिक्षातून आले. डॉक्टरांची दुर्बीण मखमलीच्या पेटीत होती, सरांची गोधडीत. डॉक्टरांचा मोटरचा स्टँड होता, तारे सरकतील तशी नळी सरकवत राहणारा. तो गच्चीच्या मधोमध मांडला आणि त्यावर आधी भिंगाची, मग आरशाची, असं ठरलं. फोटो कृत्तिकांचा काढायचा होता. अंधार पडेपर्यंत कृत्तिकांचा पुंजका डोक्यावरून थोडा पश्चिमेला कललेला होता.

मी कॅमेरा टॉवेलातून काढून, बॅटरी भरून तयार ठेवला होता. तो आप्पांपुढं धरला.

“त्यांनाच लावू दे,” आप्पा डॉक्टरांकडं बोट करून म्हणाले आणि मफलर गुंडाळून खुर्चीवर बसले.

मी तरीही आशा सोडली नाही. मध्ये मध्ये “आप्पा, फोकस बघता का?”, “आप्पा, किती वेळ उघडा ठेवायचा?” असं चालू ठेवलं. ते नुसते “बरोबर चाललंय त्यांचं” म्हणायचे. एकदा फक्त डॉक्टरांनी कॅमेऱ्याचा पट्टा लोंबता ठेवला तेव्हा आप्पांचा हात खुर्चीवरून वर उचलला गेला. पण डॉक्टरांनीच तो पट्टा गुंडाळला आणि हात परत खाली गेला.

मुलाणी सरांनी आपली नळी स्टँडवर चढवली तेव्हा डॉक्टरांनी “गडी बोलवू का?” म्हणून विचारून घेतलं. आई खालून दोनदा ओरडली की भाकरी गार व्हायलीत. ती काही वर आली नाही. तिला कुणी या म्हटलंही नव्हतं. असल्या गोष्टी तेव्हा माझ्या लक्षात यायच्या नाहीत, बेत डोक्यात असला की मला माणसं जरा कमीच दिसतात.

डॉक्टरांनी सगळे फोटो घरी नेऊन कॉम्प्युटरवर एकावर एक रचले, प्रत्येक दुर्बिणीचा मिळून एकेक फोटो केला आणि सकाळी लॅबमध्ये छापायला दिले. दहाच्या सुमारास लॅबचा माणूस दोन मोठे फोटो आणून देऊन गेला. मी ते जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. दोन्हीत काळ्या आकाशात निळसर धुरासारखं काहीतरी पसरलं होतं आणि त्यावर ताऱ्यांचा सडा पडला होता. भिंगाच्या फोटोतले तारे गोल, बारीक, टाचणीनं टोचल्यासारखे. आरशाच्या फोटोत मोठ्या ताऱ्यांना खरोखरच चार-चार टोकं फुटली होती. मला विचाराल तर भिंगाचा फोटो सरस होता. मनातल्या मनात मी ऑर्डर देऊन मोकळी झाले होते.

“सुंदर आलेत,” आप्पा म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

“कुठला जास्त?”

“दोन्ही.”

मी हात टेकले. डॉक्टर आणि सर चार वाजता चहाला येणार होते. तोपर्यंत आप्पांना टीव्हीपासून दूर ठेवावं म्हणून मी त्यांना जेवण झाल्याबरोबर एकसष्टीच्या आमंत्रणांना बाहेर काढलं. आई म्हणाली, “जावा तुम्ही, मी जरा आवरते.”

---

आम्ही परत आलो तर आई खिडकीशी बसली होती. पुढ्यात जेवणाचं टेबल, टेबलावर फोटो, डोळ्यांवर आप्पांचा जुना चष्मा आणि बाजूला एक पत्र्याचा डबा उघडा. त्या डब्याचा वास मला दारातच आला. रंगाच्या वड्या, कापूस, आणि दोन-चार केसांचे ते ब्रश.

हा डबा स्टुडिओतला. इथं सांगायला हवं की आमच्या स्टुडिओत फोटो आप्पा काढायचे, पण माणसं सुंदर आई करायची. आतल्या खोलीत तिरक्या काचेचं तिचं टेबल होतं. तिथं बसून ती निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं काम करायची. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे मुरूम, देवीचे वण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिनं घालवली होती. बायका रस्त्यात हात धरून सांगायच्या, “वहिनी, तुमच्यामुळं स्थळ आलं बघा.” निगेटिव्हवर धुळीचा कण राहिला की छापलेल्या फोटोवर पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका ब्रशच्या टोकानं आजूबाजूच्या रंगात बुडवून टाकणं हे तिचं शेवटचं काम. ते झाल्याशिवाय एकही फोटो गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे.

“आलात व्हय?” आई म्हणाली. चेहरा असा फुललेला की मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. “बघ गं वैजू, कसले फोटो छापून दिलेत तुला. नुसती धूळ! मूठभर रवा फेकल्यासारखी. चार वाजता ती माणसं येणार, म्हणलं असला फोटो पुढं ठेवायचा म्हंजे आपलीच लाज. जेवण झाल्यापासून बसलीय, आत्ता झालं बघ साफ.”

मी टेबलाकडं गेले.

डॉक्टर सोमाणींच्या भिंगाच्या फोटोत एकही तारा नव्हता. काळंभोर आकाश आणि त्यात निळा धूर. बास.

“आई,” मी म्हटलं.

“तेवढा निळा धूर आहे ना, त्याला हात नाही लावला,” आई म्हणाली. “तो झ्याक आलाय.”

“आई, ते तारे होते!”

“कुठले?”

“सगळे! तू पुसलेस ते सगळे! आकाशाचा फोटो आहे तो, काल रात्री गच्चीवरून काढलेला!”

“आकाशाचा आहे ते मला दिसतंय की. आंधळी नाही मी. तारे हे बघ, ह्याच्यात आहेत.” तिनं दुसरा फोटो पुढं ओढला. मुलाणी सरांच्या आरशाचा. त्यातले चार टोकांचे मोठे तारे जिथल्या तिथं होते. बारकी टिंबं मात्र सगळी गेली होती. “ह्यांना टोकं आहेत. चांदणीला टोकं असतात. धुळीला कधी टोकं असतात का? म्हणून ह्या ठेवल्या, बाकीची धूळ काढली. आणि त्या फोटोत टोकंवालं काहीच नव्हतं, सगळी धूळच होती.”

खरं सांगते, मला रडावं का हसावं कळेना, म्हणून मी ओरडले. “एकदा विचारायचं तरी! ते लोक चार वाजता येतायत आई! काय दाखवू मी त्यांना? आप्पांनी आता बघून काय ठरवायचं?”

आईचा चेहरा उतरला. तिनं ब्रश कापसानं पुसला, वड्या डब्यात ठेवल्या आणि झाकण लावलं. झाकण नीट बसत नव्हतं, ते तिनं दोन्ही हातांनी दाबलं.

एवढ्यात दारात चपलांचे आवाज आले. ही माणसं वेळेच्या आधी येणाऱ्यांपैकी होती.

“काय, लागला का निकाल?” म्हणत डॉक्टर आत आले आणि टेबलापाशी थबकले. चष्मा वर केला, खाली केला. फोटो खिडकीकडं धरला. “माझे तारे कुठं गेले?” लहान मुलाचं खेळणं हरवावं तसा त्यांचा आवाज झाला होता.

मला खोटं सुचलं नाही, म्हणून मी जे झालं ते सांगितलं. मुलाणी सर आधी ऐकत उभे राहिले. मग त्यांनी भिंतीला हात टेकला. मग ते खाली बसले आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “डॉक्टर! इतकी वर्षं सांगतोय मी तुम्हाला, टिंबं कसली काढता म्हणून! वहिनींनी तुमची सगळी धूळ झाडून काढली! माझ्या मिशांनी माझी अब्रू राखली!”

डॉक्टरांनाही मग राहवेना. त्यांनी भिंग मागितलं आणि टेबलावर वाकून फोटो निरखायला लागले. “पण शेटे, इथं खरंच तारे होते ना? एकाचीही खूण नाही हो. माझा मीच वेड्यात निघालो.”

आम्ही तिघंही हसत होतो, म्हणजे ते दोघं आणि मी. आई डबा छातीशी धरून उभी होती.

“हसा की,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हसणं थांबलं. “मला कुणी सांगितलं होतं का काल, कसला फोटो काढताय ते? वर या म्हणलं का कुणी? कॉम्प्युटर आला तवा पण असंच. एक दिवस देवळातनं आले तर माझं टेबल उचललेलं. तिथं त्यो कॉम्प्युटरचा डबा, टीव्हीसारखा. कुणी म्हणलं का, बाई, आता तुझं काम संपलं? नुसतं टेबल उचललं.”

आणि ती आत गेली. स्वयंपाकघरातून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. रागावली तरी पाहुण्यांचा चहा चुकवणारी ती नव्हे.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी टीव्ही लावला नव्हता. ते आईनं साफ केलेला तो काळा फोटो हातात घेऊन बसले होते आणि अंगठ्यानं त्याच्या कडेला हलकेच पुसत होते.

---

चहा झाला. मुलाणी सरांना चुटपुट लागली असावी. निघण्याआधी ते म्हणाले, “रात्री इथंच ठेवलेली माझी दुर्बीण जरा अंगणात बघून घेतो. काल गच्चीवरून उतरवताना दणके बसलेत, आरसा हलला असेल. हाच तो आमच्या आरशाच्या लोकांचा शाप. सारखे आरसे समोरासमोर आणावे लागतात. भिंगाला ही कटकट नाही, ते मान्य करतो.” डॉक्टरांना खूश करायला ते असं म्हणाले हे उघड होतं.

त्यांनी नळी दोन स्टुलांवर आडवी ठेवली. तोंडाजवळच्या भोकातून आत बघायचं आणि पार मागच्या टोकाला असलेले तीन स्क्रू फिरवायचे. बघणाऱ्याचा हात मागपर्यंत पोचत नाही. म्हणून सर बघायचे, उठायचे, मागं जायचे, फिरवायचे, परत येऊन वाकायचे आणि “गेलं तिकडंच” म्हणायचे.

“सरका,” आप्पा म्हणाले.

ते कधी बाहेर आले ते मला कळलंच नव्हतं. त्यांनी भोकाला डोळा लावला. बराच वेळ तसेच राहिले. मग डोळा न काढताच त्यांनी हाक मारली.

“कले!”

मी ही हाक कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. घरात ते तिला ‘अगं’ म्हणायचे. ‘कले’ हे स्टुडिओतलं. काळ्या कापडाखालून, कॅमेऱ्यामागून, मोठ्यानं.

आई दारात आली. “काय?”

“मागं जा. तीन स्क्रू आहेत. वरचा धर.”

“मला नाही कळत असलं काही. परत हसतील.”

“मी सांगतो ना. धर.”

आई गेली. तिनं पदरानं हात पुसला आणि वरचा स्क्रू चिमटीत धरला.

“उजवीकडं. थोडा. बास बास. जास्त झाला, मागं घे.”

“एवढा?”

“अजून केसभर. हां. आता डावा. डावा म्हणजे तुझा डावा.”

“माझाच धरलाय. नीट बघा तुम्ही.”

“बघतोय की. फिरव. अगं, हळू!”

“हळूच फिरवलाय. तुमचं डोकं हलतंय.”

“हललं खरं. परत कर.”

डॉक्टर, सर आणि मी बाजूला उभे होतो. आमची कुणाला गरज नव्हती. मी लहानपणी स्टुडिओच्या पायरीवर बसून गृहपाठ करायचे तेव्हा आतून असेच आवाज यायचे. लाईट वर, लाईट खाली, थांबा, बाईंनी डोळे मिटलेत. आई लाईट धरायची, आप्पा कॅमेऱ्यामागं, आणि दोघं एकमेकांवर खेकसत असायची. मी त्याला भांडण समजायचे.

“आलं,” आप्पा म्हणाले आणि उभे राहिले. त्यांनी कंबर सरळ केली. “वैजू, हीच सांग.”

“ही म्हणजे? आरशाची?” मला वाटलं, त्यांना ते मिशांचे तारे आवडले. “आप्पा, विचार करा. जड आहे. दर वेळी उचलली की हे सगळं करत बसायचं. डॉक्टरांच्यासारखी घेतली तर तुम्ही एकटे, कुणाच्या मदतीशिवाय—”

“एकट्यानंच काढत होतो की शेवटची वर्षं,” आप्पा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते मागच्या स्क्रूंकडं. “हिचं टेबल मीच उचललं. जागा नव्हती म्हणून. सगळं कॉम्प्युटरवर व्हायला लागलं. डाग जायचे, मुरूम जायचे, एका बटणात. मी कॅमेऱ्यामागून म्हणायचो, लाईट थोडा वर. मग आठवायचं, समोर कुणी नाही. गिऱ्हाईक होतं, पण माझं कुणी नव्हतं. त्यात मजा राहिली नाही, वैजू. म्हणून ठेवला कॅमेरा.”

इतकी वाक्यं सलग बोललेले आप्पा मी त्याआधी ऐकले नव्हते. मला वाटत होतं, त्यांना मोबाईलनं हरवलं, वयानं हरवलं. मी त्यांच्या हातात एकट्यानं करायचं आणखी एक काम ठेवायला निघाले होते.

आई स्क्रू सोडून उभी राहिली होती. “मग तवाच बोलायला काय झालं होतं तोंडाला?” ती म्हणाली.

“तू बोललीस का?”

“मी कशाला बोलू? टेबल तुम्ही उचललं.”

“बरं, चुकलो.”

“आज म्हणताय!” आई म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. ते तिनं दाबलं नाही. “आणि मी काय म्हणते, त्या टोकं नसलेल्या बारक्या चांदण्या पण खऱ्याच असतात का हो सर?”

“खऱ्याच, वहिनी,” मुलाणी सर म्हणाले. “सगळ्या खऱ्या.”

“मग आता धूळ कुठली न्‌ चांदणी कुठली ते मला बसून शिकवा. फोटोत धूळ पण असंल की. ती कोण काढणार?”

डॉक्टर सोमाणी एकदम सावरून उभे राहिले. “असते, असते. माझ्या फोटोंत कायम असते. कुणाला सांगू नका.”

मी फोन घेऊन ओसरीवर आले. दुकानदारानं पहिल्याच घंटीला उचलला. मी आरशाची म्हणाले तर त्याला काळजी पडली. भला माणूस होता.

“मॅडम, वडील एकसष्ट वर्षांचे म्हणाला होतात ना? खरं सांगू का? एकट्या माणसाला ही झेपत नाही. फार मिनतवारी. भिंगाची घ्या. नंतर परत करायला येतात लोक.”

अंगणात आप्पा दुर्बिणीपाशी नव्हते. ते आत गेले होते आणि कपाटाचं दार वाजलं होतं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. आई परत स्क्रूंवर वाकली होती, सर तिला कुठला कशासाठी ते सांगत होते.

“कले, हनुवटी खाली. नजर इकडं.”

“अहो, थांबा, पदर तरी घेऊ द्या!”

ते थांबले नाहीत. शटरचा आवाज झाला. मग आणखी एकदा झाला.

“हॅलो? मॅडम? ऐकताय ना? एकट्या माणसासाठी म्हणतोय मी.”

“एकटा नाही,” मी म्हटलं. “दोघं आहेत. आरशाचीच पाठवा.”